लवूचा गोळा

लवूबद्दल लिहायला मला सांगितलं आहे. तो गेला, मी उरलो. चाळीस वर्षं मालवणच्या बंदरात गोणी वाहिल्या, म्हणून जे लिहितो ते वजन करून लिहितो. लवूचा मला हेवा वाटायचा. ते आधीच सांगून टाकतो.

लवू दांडीच्या किनाऱ्यावरचा. मचव्यावर त्याचं काम एकच, दोरीला शिसं बांधून खोली मोजायची. शिसं पाण्यात सोडलं की दोरी हातात धरून गप्प बसायचं. हे काम म्हणायचं का, असं मी त्याला तोंडावर विचारायचो. तो हसायचा.

१९५१ साली हायस्कुलातल्या भाई मास्तरांनी एक प्रयोग काढला. त्याच्या शंभर वर्षं आधी फूको नावाच्या फ्रेंच माणसाने पॅरिसात उंच छताला तारेने जड गोळा टांगला, झोक्यासारखा सोडला आणि पृथ्वी फिरते हे लोकांना दाखवलं. गोळा आपली दिशा सोडत नाही. खालची जमीनच फिरते, म्हणून आपल्याला गोळा वळल्यासारखा दिसतो. पहिल्या खेपेला त्याची तार तुटली होती म्हणे. तेवढ्यावरून तो माणूस मला आवडला.

बंदरावरच्या मिठाच्या गुदामाचं आढं तीस फूट उंच. पाऊण मणाचा शिसाचा गोळा मी खांद्यावरून नेला. आढ्यावर चढून तार मी बांधली. खाली वाळूचा वाटोळा बांध मी घातला, कारण गोळ्याच्या टोकाने तो कुठे कापला जातो ते बघायचं होतं. लवू शेजारी बसून विडी ओढत होता. मास्तर म्हणाले, ज्यांनी काम केलं त्यांची नावं शाळेच्या प्रयोगवहीत लिहीन. माझं नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते मला हवं होतं.

पुस्तकात लिहिलं होतं, गोळा दोऱ्याने बाजूला बांधायचा आणि दोरा जाळून सोडायचा. मी म्हटलं, "दोरो कित्याक? मी सोडतंय." गाव जमला होता. मी गोळा ओढला आणि हाताने चांगला ढकलला. गोळा सरळ जाईना, अंड्यासारखा फिरू लागला. अर्ध्या तासात बांध सगळीकडून कुरतडला गेला.

लवूची बायको सत्यवती मासळीची पाटी घेऊन दारात उभी होती. ओरडली, "भावजीनू, पृथ्वी ढकलूक गेल्यात काय?"

सगळे हसले. लवू उठला.

"ढकललंस कित्याक रे दाजी? सोडूचो असता."

"पाऊण मण मी उचललंय. तू माका शिकवतंस?"

"शिकवणंय नाय. जरा थांब."

मी बांध पुन्हा घातला. लवूने दारं लावायला सांगितली, वारा नको म्हणून. गोळा दोऱ्याने बांधला आणि समोर बसला. लोक कंटाळले. मी म्हटलं, "आता पेटव."

"अजून हलता आसा."

मला तो हलताना दिसत नव्हता. अर्ध्या तासाने त्याने विडीचं टोक दोऱ्याला लावलं. गोळा गेला तो सुतासारखा. तासाभराने वाळूतली चीर तीन बोटं सरकली होती, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. मास्तर म्हणाले, पॅरिसात तासाला अकरा अंश, आपण विषुववृत्ताच्या जवळ, म्हणून चारच. चार तर चार. बायकांनी वाकून चीर बघितली.

वहीत लिहिलं गेलं: गोळा सोडला, लवू. बाकीच्यांनी मदत केली.

बाकीचे म्हणजे मी एकटा.

पुढे तेरा वर्षं प्रयोग झाला. दर वर्षी गोळा मी वाहिला, दर वर्षी नाव लवूचं. १९६५ साली त्याचे हात थरथरू लागले. गुदामात मला म्हणाला, "दाजी, तू सोड."

मी दोरा बांधला आणि बसलो. गोळा स्थिर वाटला. विडी पुढे केली, मागे घेतली. गोळ्याच्या टोकाकडे नीट बघितलं तर हलत होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. तेवढा वेळ हात न लावता बसणं मला मिठाच्या गोणीपेक्षा जड गेलं. मग पेटवलं. गोळा सरळ गेला.

लोकांनी लवूकडे बघून माना डोलावल्या.

मास्तरांनी वही माझ्यासमोर धरली. लिहिलं होतं: गोळा सोडला, दाजी, लवूने शिकवल्याप्रमाणे.

शेवटचे दोन शब्द खोडा, असं म्हणणार होतो. पण लिहिलं होतं ते खरं होतं.