आप्पांनी गरम केलेलं घर

आप्पा पेटती उदबत्ती घेऊन घरभर फिरायला लागले की नवख्या पाहुण्याला वाटे, काय देवभोळा माणूस आहे! देवाशी आप्पांचं काही देणंघेणं नव्हतं. उदबत्तीचा धूर जिथे वाकडा होईल तिथून वारा आत येतो, एवढाच त्यांचा मतलब. खिडकीशी धूर हलला की घर बांधणाऱ्या गवंड्यापासून समस्त जर्मनांपर्यंत सगळ्यांचा उद्धार होई.

युरो नुकताच आला होता, तेव्हाची गोष्ट. डार्मश्टाटमधलं ते जुनं घर आप्पांनी निवृत्त झाल्यावर घेतलं होतं. मी पीएचडी करत होतो आणि त्यांच्याच तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, दमा होता. थंडी पडली की छाती भरून येई, आणि म्युनिकला राहणारी त्यांची मुलगी "आई, इकडे ये" म्हणून मागे लागे. काकूंना आपलं घर सोडायचं नव्हतं. "तिला याच घरात ऊब देऊन दाखवतो," असं आप्पांनी मुलीला ठणकावलं.

"अहो, एखाद्या हांडवेर्करला, कारागिराला बोलवा ना," काकू म्हणाल्या.

"जन्मभर कारखान्यात यंत्रं उभी केली मी! छपरात लोकर भरायला माणूस कशाला?"

माळ्यावर वाशांच्या मधे त्यांनी स्वतःच काचेची लोकर भरली. प्लास्टिकचा कागद खोलीच्या बाजूने लावा, असं दुकानदाराने आम्हा दोघांना बजावलं होतं. आप्पांनी तो कौलांच्या बाजूने लावला. मी आठवण केली, तर अंगावर आले. "आल्झो, मला सांग, पाऊस कुठून येतो? वरून, की तुझ्या काकूच्या कुकरमधून?" कोकणात गळक्या कौलांखाली वाढलेला माणूस, त्याला दुसरं काही पटणार कसं? मग झोपायच्या खोलीच्या भिंतीला आतून थर्माकोल, त्यावर फुलाफुलांचा कागद. सगळ्या फटी बुजवल्या आणि काकूंना खिडकी उघडायची बंदी केली.

पाणी कुकरमधूनच आलं. घरातली सगळी वाफ माळ्यावर चढून गार प्लास्टिकला लागली आणि लोकर भिजली. छताला डाग पडले. भिंतीच्या कोपऱ्यांतून काळी बुरशी डोकावू लागली. काकूंचा खोकला थांबेना. घरात बुरशी आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर आप्पा त्यांच्यावरच ओरडले.

मी सोबतच होतो, माझं डोकं फिरलं. घरी येऊन मी त्यांच्यासमोर भिंतीचा कागद टराटरा फाडला, थर्माकोल उचकटला. मागची भिंत काळीकुट्ट होती. "बघा! काकू रोज हे श्वासात घेतात. बायकोचं ऐकायचं नाही, दुकानदाराचं नाही, डॉक्टरचं नाही. मग ऐकणार तरी कोणाचं?"

मुलगी येऊन काकूंना घेऊन गेली. गाडीत बसताना काकू मला म्हणाल्या, "त्यांना बोलू नकोस रे. जेवतात की नाही तेवढं बघ." मला त्यांचाही रागच आला.

आप्पांनी सगळं उपसून काढलं. या खेपेला माणूस बोलावला आणि त्याच्या हाताखाली मुकाट्याने राबले. काम अर्ध्यावर असतानाच काकू म्युनिकला वारल्या. आप्पांनी काम थांबवलं नाही.

पीएचडी संपवून मी दुसऱ्या गावी राहायला गेलो होतो, तिथून पुढच्या हिवाळ्यात आप्पांना भेटायला गेलो. आत शिरल्यावर मी कोट काढला, थोड्या वेळाने स्वेटरही काढला. आप्पा टक लावून बघत होते.

"गरम होतंय ना रे? हीटर नुसता एकवर आहे."

त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं मला.

"हो आप्पा," मी म्हणालो, "छान ऊब आहे."