कुलूपबाई

वाचनालयात सगळे ग्रंथपाल बाईंना कुलूपबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. दर सोमवारी संगणकाचा पासवर्ड बदलायच्या. पाणी प्यायला उठल्या तरी स्क्रीन बंद. जुन्या मागणीच्या चिठ्ठ्या इतक्या बारीक फाडायच्या की शिपाई म्हणायचा, "बाई, आता चाळून घेऊ का?" वाचकांची माहिती कशी सांभाळावी, यावर इतर शाखांमध्ये जाऊन त्यांनी भाषणं ठोकली होती. त्याचा तोरा काही कमी नव्हता.

आणि याच बाईंच्या तोंडात तीळ भिजत नसे. बोलण्यातूनही माहिती बाहेर जाते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांच्या लेखी माहिती म्हणजे संगणकात असते ती. तोंडाने सांगितली की ती वाचकसेवा!

कोपऱ्यावरची शिंपीण दुपारी दुकान बंद करून यायची. मुलांच्या ताब्याचा कायदा समजावणारं एक पुस्तक ती खांबाआडच्या बाकावर बसून वाचायची. घरी कधी नेलं नाही. नवरा हात उचलायचा. त्याला सुगावा लागायच्या आत दोन्ही पोरांना घेऊन बाहेर पडायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. मध्येच ते पुस्तक दुसऱ्या कुणी नेलं, म्हणून तिने मागणी नोंदवली.

पुस्तक परत आल्याबरोबर बाईंनी कार्डावरचा नंबर फिरवला. कार्ड तिचं, नंबर नवऱ्याचा.

"तुमच्या मिसेसना सांगा हं, त्यांचं पुस्तक आलंय."

"कुठलं?"

बाईंनी खणखणीत आवाजात नाव वाचून दाखवलं. वर पुस्ती जोडली, "रोज इथे बसून वाचतात हो! इतकी चिकाटी हल्ली कुणात असते?"

त्याने आभार मानले. किती सभ्य माणूस, असं बाई दिवसभर ज्याला त्याला सांगत होत्या.

त्याच आठवड्यात तो स्वतः आला. घर बदलतोय, मुलांची कार्डं नव्या घराजवळच्या शाखेत करून द्या म्हणाला. बाईंनी हसतमुखाने करून दिली.

दोनच दिवसांनी शिंपीण धापा टाकत आली. ओठ फुटलेला होता.

"पोरं शाळेतून घरी आलीच नाहीत. त्याने शाळेतली नावं काढून नेलं त्यांना. पोलीस म्हणतात, बापाकडेच आहेत ना, मग तक्रार कसली? बाई, त्याला कळलं कसं? मी सख्ख्या बहिणीलाही बोलले नव्हते."

"आमच्याकडून तर शक्यच नाही," बाई दुखावल्या. "आणि पोरांची काळजी कशाला करता? तुमचे मिस्टर परवाच येऊन त्यांची कार्डं दुसऱ्या शाखेत करून गेले. मुलांच्या वाचनाचं केवढं कौतुक आहे त्यांना!"

शिंपिणीने टेबलाची कड धरली. शहरभर शाखा होत्या. "कुठल्या शाखेत?"

"ते मात्र नाही सांगता येणार. मुलांची माहिती आहे ती."

शिंपीण पाया पडली, रडली. बाईंना तिची खरोखरच कीव आली. त्यांनी शिपायाला हाक मारून तिला बाहेर सोडायला सांगितलं आणि पुढच्या वाचकाचं कार्ड हातात घेतलं.