कुलपाला आतून मूठ हवी

अन्याय झाला तो महाडच्या बाजारातल्या वसतिगृहातल्या आम्हा मुलींवर. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, ऐन दिवेलागणीला. राहत्या जागेत आम्हाला कोंडलं गेलं, आणि कोंडणारा माणूस नव्हता, कुलूप होतं.

गावात वीज येऊन फार दिवस झाले नव्हते. वसतिगृहाच्या कमिटीला नव्याची हौस, त्यात मुलींची काळजी. मुंबईच्या एका विक्रेत्याकडून विजेचं कुलूप आणलं. बटण समोरच्या घरात, रेक्टरबाईंकडे. बाईंनी ते दाबलं की आमच्या दारात खट्ट वाजायचं आणि दार सुटायचं. आतल्या बाजूला बटण नाही, कडी नाही, काहीच नाही. आम्हाला विचारलं कोणी?

त्या सोमवारी वाऱ्याने वीज गेली. कुलपाला किल्लीची सोय नव्हतीच; बाई बटण दाबून दाबून दमल्या. आमचा दिवसभराचा उपास, आणि जेवण अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरात. वालाच्या बिरड्याचा वास येत होता, बिरडं येत नव्हतं. मग आळीतल्या बायका धावल्या. खिडकीच्या गजांतून केळीच्या पानांच्या पुरचुंड्या आत येऊ लागल्या. आमच्यातली पोलादपूरच्या डोंगरातली एक मुलगी हात बाहेर काढून म्हणाली, "काकू, पापड अख्खा नाय येत गजातनं. मोडून द्या." सगळी आळी हसली. इतकं चवीचं जेवण त्या वसतिगृहात पुन्हा मिळालं नाही.

एवढ्यात कमिटीचे अध्यक्ष आले. बाजारातले धान्याचे व्यापारी, आम्ही त्यांना काका म्हणायचो. कंदील वर धरून त्यांनी दार हलवून पाहिलं आणि खूश झाले. "बघा, वीज गेली तरी ढिम्म. चोराची काय बिशाद?"

मी मॅट्रिकला होते. चळवळीची पत्रकं लिहून, वाटून जीभ तिखट झाली होती. खिडकीतूनच विचारलं, "काका, सावित्री नदीचं पाणी बाजारात शिरलं की दुकानात पहिलं काय करता?"

"पुढचं-मागचं दार सताड उघडतो. पाणी आरपार जायला हवं, नाहीतर भिंत..."

काकांनी कंदील पुन्हा दाराकडे वळवला. पाणी चढलं की वीज आधी बंद होते, हे महाडकराला सांगावं लागत नाही. आणि आम्ही झोपायचो तळमजल्यावर.

वीज आली, दार सुटलं. मी मात्र सोडलं नाही. दुसऱ्याच दिवशी पत्रक लिहिलं: 'चोर बाहेर असतो, मुली आत असतात. एवढंही न कळणारं कुलूप कोणी निवडलं?' मुलींनी प्रती काढल्या, बाजारभर चिकटवल्या. काकांच्या दुकानावर दोन.

कमिटीने विक्रेत्याला बोलावून घेतलं. त्याने दुसरी जात दाखवली: वीज गेली की बाहेरून फक्त किल्लीने उघडणारी, आतून मात्र साधी मूठ फिरवली की केव्हाही मोकळी. असं कुलूप होतं, तर आधी का नाही दाखवलं, विचारलं मी त्याला. आम्हाला चोराचंच सांगितलं होतं, म्हणाला.

कमिटीतले एक गृहस्थ कुरकुरले, मुली आतून उघडून निघून गेल्या तर?

"जाऊन जानार कुठं हो," डोंगरातली म्हणाली, "कशेडीचा घाट चढाया?"

मी अट घातली: नवं कुलूप आधी दाराला तात्पुरतं लावायचं. कमिटीने आत बसायचं, मेन स्विच आम्ही पाडणार. काका आत गेले. स्विच पाडला. मूठ फिरली, दार उघडलं, काका बाहेर. मग पुन्हा आत, पुन्हा बाहेर. पोरासारखे हसत होते. शेवटी ते कुरकुरणारे गृहस्थ म्हणाले, सरका, मला बघू द्या. आम्ही टाळ्या पिटल्या. कुलूप त्याच दिवशी कायमचं बसलं.

आता तुम्ही. शाळा असो, दवाखाना असो, बँक असो, तुमच्या इमारतीला विजेचं कुलूप बसवणार असाल तर आधी स्वतः आत जा. बाहेरून वीज बंद करायला लावा. डोळे मिटून, एका हाताने दार उघडता आलं नाही, तर ते कुलूप परत पाठवा. आजच्या आज.