बंबाचा धूर

शेजारी कुणी आंघोळीच्या बंबात नारळाची सोडणं पेटवली, की त्या धुराने मला आमच्या वाचनालयातली ती संध्याकाळ आठवते. आसामहून एक कथालेखिका आल्या होत्या. त्या इंग्रजीत बोलणार आणि मी ते मराठीत सांगणार, असं ठरलं होतं. प्रास्ताविकात अध्यक्ष हसत म्हणाले, "बायकांच्या कथा म्हणजे चुलीपुढच्या गप्पा." याच गृहस्थांनी माझ्या मैत्रिणीच्या, म्हणजे स्वतःच्या बायकोच्या, साऱ्या कथा एका सकाळी बंबात घातल्या होत्या. मी पाहुणीच्या कानात दोन्ही गोष्टी सांगितल्या, काही न गाळता. त्यांनी हातातलं भाषण मिटलं आणि बायकोच्या कथांवर पाणी तापवून नाहणाऱ्या नवऱ्याची गोष्ट तिथेच रचून सांगितली. मी एकेक वाक्य सावकाश, अध्यक्षांकडे बघत मराठीत आणलं. त्यांचे कान लाल झाले, तरी आभार मानायला उठलेच. "बाईंची कल्पनाशक्ती दांडगी हो." पहिल्या रांगेतून मैत्रीण शांतपणे म्हणाली, "कल्पना कसली? त्या कढत पाण्यात गार पाण्याचं विसण मीच घातलं होतं." ते वाक्य मी पाहुणीला इंग्रजीत सांगितलं, मुद्दाम माइकवरून. बाळांनो, तो धूर तुमच्या या आजीला अजून गोड लागतो.