कौलाखालचा मासा

जावाजावा उभा दावा, असं म्हणतात. आमचा दावा कधी उभा राहिला नाही, तो आपला बसूनच असायचा. थोरली जाऊ, म्हणजे वहिनी, माडीवर, मी खाली, मधे जिना.

वहिनींच्या हॉलमध्ये त्यांच्या मुलाने मुंबईहून पाठवलेली भलीमोठी काचेची टाकी आहे. तिच्यात क्लाऊन लोच. लोच म्हणजे तळाशी राहणारे, मिशावाले, लांबुडके मासे. वहिनींचे नारिंगी, अंगावर काळे जाड पट्टे. आमच्याकडे पाहुणा आला की चहा माझ्याकडे पिणार आणि मासे बघायला वर जाणार. मी कप विसळत असायचे आणि वरून "अय्या, किती गोड" ऐकू यायचं. माझ्या पोटात दुखायचं. याला दुसरा शब्द मला माहीत नाही.

टाकी तर घरात आधी मी आणली होती. पण माझ्या टाकीत बाजारातले साधे गप्पी. त्यांना कोण गोड म्हणणार?

मग यंदा मार्गशीर्षात मी माहेरी गेले. संगमेश्वराच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. पऱ्याला, म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याला, घोट्याएवढं पाणी उरलं होतं. कपडे धुताना एक गोटा हलवला तर खालून काहीतरी सुळकन गेलं. ओंजळीत आलं तेव्हा बघितलं: बोटभर लांब, मातकट पिवळा, तोंडाशी मिशा. गळ्याकडचे पट्टे बारीक आणि दाटीवाटीने, शेपटीकडचे रुंद. असा मासा वहिनींकडे नव्हता, रत्नागिरीतल्या दुकानातही मी पाहिला नव्हता. बाटलीत घालून मी तो एसटीत मांडीवर धरून आणला. सबंध रस्ताभर मला वहिनींचा चेहरा दिसत होता.

माहेरच्या पऱ्यात मिळाला एवढंच सांगितलं, नेमकी जागा मात्र कोणाला सांगितली नाही. त्या जागेच्या अगदी वर, काठावर, एक वारूळ आहे आणि पावसाळ्यात त्यावर अळंब्या उगवतात. अळंब्यांची जागा आमच्याकडे कोणी कोणाला दाखवत नाही. आईने मला दाखवली ती माझं लग्न ठरल्यावर. सख्ख्या धाकट्या बहिणीला ती अजून माहीत नाही, दर श्रावणात विचारते. वहिनींनाही मी माहेरच्या वारुळावरच्या अळंब्या एवढंच सांगते, जागा नाही.

माशासाठी मी काय नाही केलं? त्याच्या अंगाला खवले नसल्यासारखेच, खडबडीत खडी लागेल म्हणून नदीची बारीक वाळू चाळून, धुऊन तळाला घातली. लपायला जुन्या कौलाचा तुकडा दिला. वाहत्या पाण्यातला जीव, म्हणून पंपाचं तोंड त्याच्याकडे वळवलं. ग्रामपंचायतीने विहिरीत पावडर टाकली की ते पाणी वापरायचं नाही, आधी साठवलेलं घालायचं. गांडुळं बारीक चिरायचे, त्यासाठी वेगळी सुरी ठेवली होती, तरी नवरा दोन्ही सुऱ्यांकडे संशयाने बघायचा.

आणि हा शहाणा कौलाखालून बाहेर येईना. मी समोर खुर्ची टाकून, दिवा लावून बसायचे. मिशीचं टोकसुद्धा दिसायचं नाही. पाहुण्यांना मी काय दाखवू, कौल? दिवसेंदिवस तो बारीक होत चालला होता. हा मेला तर वहिनी हळहळतील आणि ते मला ऐकावं लागेल, याचीच धास्ती जास्त होती.

वहिनी रोज दिवेलागणीला कढीपत्ता न्यायला खाली येत. झाड मागच्या दारी आहे, वाट माझ्या हॉलमधून. एकदा मी मागून आत आले तर त्या टाकीसमोर माझ्या खुर्चीत बसलेल्या. त्यांच्या डोळ्यांना त्रास होतो म्हणून दिवा बंद केलेला. आणि कौलाबाहेर, वाळूवर, पंख पसरून तो बसला होता. माझा मासा. मिशांनी वाळू चाचपत अगदी काचेजवळ आला.

मला रडू येईल की काय असं झालं. वाळू मी चाळायची, गांडुळं मी चिरायची आणि दर्शन यांना.

वहिनींनी फोनवर त्याचा फोटो काढला आणि मत्स्य महाविद्यालयातल्या ओळखीच्या एका सरांना पाठवला. सरांनी बरेच प्रश्न विचारले. मिशा किती, डोळ्याखाली काटा आहे का, पट्टे पोटापर्यंत जातात की पाठीवरच संपतात. सगळी उत्तरं वहिनींनी दिली, कारण सगळं त्यांनाच दिसत होतं. सर म्हणाले, वेगळा वाटतोय खरा, पण नुसत्या फोटोवरून नाव सांगता येणार नाही. डोंगर बदलला की ओढ्यातले लोच बदलतात, तेव्हा कुठल्या ओढ्यातला ते कळायला हवं. आणि त्याला एकटा ठेवू नका, खंगेल. शिवाय प्रत्येक वेळी "तुमचा मासा" असं म्हणाले. वहिनींनी ते दुरुस्त केलं नाही.

"मला पण ने गो एकदा त्या पऱ्यावर," वहिनी म्हणाल्या. "दोघी मिळून पकडू."

मी म्हटलं, बघू. आणि वारूळ डोळ्यासमोर आलं.

त्यानंतर मी दारामागे उभी राहू लागले. काय जादू करतात ते बघायला. जादू नव्हती. वहिनी अंधारात बसून त्याच्याशी हळू आवाजात बोलत होत्या. मुलगा फोन उचलत नाही. नारिंगी मासे पाठवले, तो स्वतः दिवाळीलाही आला नाही. संध्याकाळी माडीवर भिंती अंगावर येतात. थांबून थांबून सांगत होत्या, आणि तो ऐकत असल्यासारखा बसला होता.

इतकी वर्षं एका घरात राहून यातलं एक वाक्य त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. मी विचारलंही नव्हतं म्हणा. पण तेव्हा तो विचार आला नाही. तेव्हा त्या बोटभर माशाचा इतका हेवा वाटला की मी तशीच स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली.

पुढच्याच रविवारी मी एकटी माहेरी गेले आणि त्याच जागेवरून आणखी लोच पकडून आणले. वहिनींना सांगितलं नाही. कॅनमधून टाकीत सोडले आणि कौलाचे आणखी तुकडे ठेवले. सोबत मिळाल्यावर पहिला आठवड्याभरात पालटला. खायला लागला, पाठ भरली. आता सगळेच भर दिव्यात वाळूवर लोळतात, एकमेकांना ढुशा देतात. पाहुणे चहाचा कप हातात घेऊन माझ्याच टाकीसमोर उभे राहतात. "अय्या" माझ्या हॉलमध्ये होतं.

वहिनींनी खाली येऊन बघितलं.

"जाऊन आलीस होय," म्हणाल्या. "बरं झालं. आता त्यांची त्यांना सोबत झाली."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. कढीपत्ता बाजारातून आणू लागल्या. दारात झाड असताना.

मी जिंकले होते. दिवेलागणीला खुर्चीत बसून जिंकलेलं बघायचे. मासे मजेत होते, त्यांना माझी गरज नव्हती. वर माडीवर पावलं इकडून तिकडे जायची, मग थांबायची. ती कुठे थांबतात याचा मला अंदाज यायला लागला होता. खिडकीशी. फोनशी. नारिंगी माशांशी त्या बोलतात का, हे कान देऊनही कळत नव्हतं, आणि बोलत असतील या विचाराने मला पुन्हा पोटात दुखायला लागलं.

काल संध्याकाळी मी उठले, हॉलमधला दिवा बंद केला आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली.

"वहिनी, उद्या माझ्या माहेरी चला. पऱ्यावर."

वर पावलं थांबली. मग कठड्याशी आल्या.

"आणि वाटेत तुझं अळंब्यांचं वारूळ दिसलं तर?"

"दिसलं तर दिसलं," मी म्हटलं. "आधी खाली या. दिवा घालवलाय मी."