उदाहरणार्थ, आमचे साडू

उत्तर देण्यापूर्वी कोणालाही विचार करावा लागू नये, ही जगाची जबाबदारी आमच्या साडूंनी एकट्याच्या खांद्यावर घेतली आहे. चाकणच्या एका कारखान्यात ते कॉम्प्युटरवरचे फॉर्म बनवतात. रिकामा रकाना त्यांना बघवत नाही. त्यात काय भरायचं याचा नमुना ते फिकट करड्या अक्षरांत टाकून ठेवतात. आपण टाइप करू लागलो की तो नमुना गायब होतो. साडू मात्र होत नाहीत. थेरगावात त्यांच्या घरी गेलं की चहा घेणार का हे तेच विचारतात आणि अर्धा, बिनसाखरेचा, हेही तेच सांगतात. मी मान डोलावतो; घरीही माझं काम तेवढंच. त्यांच्या लेकीला कुणी कितवीत आहेस विचारलं, तरी उत्तर बापाकडूनच यायचं.

रजेच्या अर्जात 'कारण' या रकान्यात त्यांनी टाकलं होतं, "उदा. मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत." कामगारांनी तो हुकूम समजून जसाच्या तसा उतरवला. दोन महिन्यांत बिनलग्नाच्या पोरांच्याही मुली उपवर झाल्या. साडूंनी एका वेल्डरला हटकलं, तर तो म्हणाला, "तुमीच लिवलंय की साहेब. आमी कशाला येगळं लिवायचं?"

आणि गेल्या वर्षी साडूंच्या लेकीला बघायला खरोखरच पाहुणे यायचे ठरले, तेही कामाच्या दिवशी. साडूंनी खरं कारण लिहिलं. त्यांच्या वरच्या साहेबांना ते वाक्य इतकं पाठ, की रकाना रिकामाच समजून त्यांनी अर्ज परत पाठवला. साडू खुलासा करायला गेले, तर साहेब म्हणाले, "तुम्हीपण, राव?" त्यात त्याच दिवशी ऑडिट. साडू अडकले आणि बापाच्या खुर्चीत मला बसवण्यात आलं. माझी कामगिरी एवढीच, की मी पोहे दोनदा घेतले. मुलाच्या आईने साडूंच्या लेकीला विचारलं, लग्नानंतर नोकरी करणार का. सवयीने सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात घास. मग तीच बोलली. नोकरी सोडणार नाही म्हणाली, आणि मुलाशी एकटीने बोलायचंय म्हणाली. बोललीही, चांगली अर्धा तास.

साडू घामाघूम होऊन पोचले तेव्हा पाहुणे निघून गेले होते. बूटही न काढता त्यांनी विचारलं, मोडलं का, आणि विचारलं ते मला. लेक म्हणाली, "बाबा, बरं झालं तुम्ही नव्हता. मला बोलता आलं."

साडू खुर्चीच्या कडेवर टेकले. बूट काढत त्यांनी विचारलं, "काय बोललीस?" आणि पुढे काहीही न सुचवता तिच्याकडे बघत राहिले. इतका वेळ गप्प बसलेले साडू मी पहिल्यांदाच पाहत होतो. जरा म्हातारे दिसले.