बॉयलरवाले भावजी आणि शाडूचं पोट

समस्त जनतेस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, गार लादीवर बसल्यानं थंडी अंगात शिरत नाही. थंडी नावाची वस्तूच जगात नाही. आपल्या अंगातली उष्णता लादीत पळते, एवढंच! हा जाहीरनामा माझा नव्हे... भावजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा. नवे जावई म्हणून हमरापूरला आले, आई म्हणाली, "लादीवर नका बसू, गारवा शिरतो," आणि त्यांनी लादीवर मांडी घालूनच हा जाहीरनामा सुनावला. गेल्या महिन्यात रोह्याहून ताईचा फोन आला, "बंडू, हे गेले रे..." आणि मला, सांगायला लाज वाटते, आधी ती लादीच आठवली.

भावजी रोह्याच्या एका कंपनीत बॉयलरवर. आमचा गणपतींचा कारखाना. शिफ्ट संपली की ते पेणची गाडी पकडून आमच्याकडे हजर. चहा ओतता ओतता विचारायचे, "ठिणगी भयंकर तापलेली असते, मग तिच्यावर चहा का होत नाय?" आणि स्वतःच सांगायचे, "कारण ती एवढीशी! बादलीभर कोमट पाण्यात तिच्याहून कितीतरी जास्त उष्णता मावते." बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करत. "बॉयलरवाल्याला मातीतलं काय कळतंय?" हे त्यांचं ठरलेलं. आणि भावजींना हवं होतं इतकंच, की सासऱ्यानं एकदा तरी म्हणावं, जावई, बरं केलंत.

एका श्रावणात झड थांबेना. मंडळाची मोठी शाडूची मूर्ती ओलीच. बाबांनी जुन्या रिवाजाप्रमाणे दारं-खिडक्या बंद करून मूर्तीला खेटून शेगड्या पेटवल्या. सकाळी पोटावर बोटभर तडा! तेवढ्यात भावजी आले, कंपनीच्या शर्टातच, आणि त्यांनी सरळ दारं उघडली.

"जावई, पाऊस आत घेताय काय?"

"बाबा, काचा बघा, घामेजल्यात. मातीतलं पाणी जाईल कुठनं? खोलीतच कोंडलंय." मग मूर्तीच्या पोटावर तळवा ठेवून म्हणाले, "वरून तापलीय, आत गार. माती ऊब सावकाश आत नेते. तुमी घाई केलीत, वरचं सुकून आखडलं, आतलं ओलंच. फाटेल नाय तर काय?"

शेगड्या भिंतीकडे सरकल्या, वरचा झरोका उघडला. लवकर सुकणाऱ्या कानाबोटांवर ओली फडकी आली. मी तडा शाडूनं बुजवला. सहा दिवसांत मूर्ती अखंड वाळली. बाबा म्हणाले, "या साली माती चांगली होती." भावजी माझ्याकडे बघून डोळा मारून हसले, पण मी गाडीला सोडायला गेलो तर रामवाडीच्या थांब्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत... त्यानंतर दरवर्षी यायचे, शेगड्या लावायचे, आणि बाबा दरवर्षी मातीचं कौतुक करायचे.

आता मी मूर्तीच्या पोटावर तळवा ठेवतो. गरम की गार, ते कळतं. त्यापुढचं विचारायचं कोणाला? शिफ्ट सुटायच्या वेळेला अजून दाराकडे मान वळते.

त्या दिवशी रोह्याला बाबा माझा खांदा धरून उभे होते. चौघांनी भावजींना उचललं तसे ते एकदम पुढे झाले आणि साऱ्या माणसांत मोठ्यानं बोलून गेले, "अरं थांबा! आमच्या मूर्ती आता कोन वाळवनार?"